गाडी आपली, रूळ दुसऱ्याचे!

राजेहो, आज निवडणूक नाही, पालकमंत्री नाही, कापसाचा भावही नाही. आज कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या निळ्या पडद्यावर लिहितो आहे. पोस्ट लांब आहे. ज्याचं पोरगं-पोरगी बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर नाहीतर पॉलिटेक्निकला आहे, त्यानं तरी शेवटपर्यंत वाचावी. फी तुमच्या खिशातून जाते.

तो निळा पडदा म्हणजे टर्बो सी++. बोरलँड नावाच्या अमेरिकन कंपनीनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉससाठी काढलेला कंपायलर. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा दुभाषी. त्या काळात माल एक नंबर होता, यात वाद नाही. पण तो १६ बिटच्या जमान्यातला. आजच्या ६४ बिट विंडोजवर तो सरळ चालतच नाही, कारण ६४ बिट विंडोजनं १६ बिटचे डॉस प्रोग्राम चालवणं केव्हाच बंद केलं. मग आमची कॉलेजं काय करतात? डॉसबॉक्स नावाचा दुसरा प्रोग्राम टाकतात, जो आजच्या मशीनमध्ये जुन्या मशीनचं सोंग उभं करतो, आणि त्या सोंगाच्या पोटात टर्बो चालवतात. म्हणजे नवीन ट्रॅक्टर घ्यायचा आणि त्याच्या ट्रॉलीत बैल उभे करून वखरणी शिकवायची!

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मी ज्या-ज्या लॅब पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच दिसलं. नाव कुणाचंच घेत नाही, कारण एकाचं घेतलं की बाकीचे सुटतात.

"भाऊ, पोरं शिकतात ना? मग तुले काय त्रास?" असं एका प्राध्यापक मित्रानं विचारलं. त्रास सांगतो.

टर्बोमध्ये साधा पूर्णांक, म्हणजे इंट, १६ बिटचा असतो. त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. मूर्तिजापूर हे ४० हजारांच्या घरातलं गाव. पोरानं गावाच्या लोकसंख्येचा प्रोग्राम लिहिला आणि ४०,००० टाकले, तर टर्बो उत्तर देतो उणे २५,५३६. मूर्तिजापुरात उणे पंचवीस हजार माणसं राहतात! सर म्हणतात, "लाँग वापर." पोरगं पाठ करतं. पुढे पुण्याच्या मुलाखतीत तेच पोरगं छातीठोकपणे सांगतं की इंटची मर्यादा ३२,७६७. समोरचा हसतो, कारण आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या कंपायलरमध्ये ती दोनशे कोटींच्या पुढे आहे. आपलं पोरगं मान खाली घालून बडनेऱ्याला उतरतं.

सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरलं. हेडर फाइलचं नाव कसं लिहायचं, मेन फंक्शननं काय परत द्यायचं, सगळं त्यात लिहून आहे. टर्बो त्याच्या आधीचा. त्यामुळे टर्बोवर चालणारा गाईडातला प्रोग्राम आजच्या प्रमाण कंपायलरवर पहिल्याच ओळीला आपटतो, आणि प्रमाण पद्धतीनं लिहिलेला प्रोग्राम टर्बोवर आपटतो. प्रॅक्टिकलला मार्क कुणाला? टर्बोवाल्याला. बरोबर लिहिणाऱ्याला "एरर आहे" म्हणून लाल रेघ.

आता कोणी म्हणेल, जुनं आणि नवं यांचं कधी जुळतच नाही, कॉम्प्युटरमध्ये असंच असतं. साफ खोटं. जुळवायचं ठरवलं तर जुळतं, आणि ते कसं जुळवायचं याचा एक धडधडीत पुरावा जगात आहे. त्याचं नाव फ्री पास्कल.

मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस, इंजिनिअर नाही. पण ही गोष्ट समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

पास्कल ही भाषा निकलाउस विर्थ या स्विस प्राध्यापकानं १९७० च्या सुमारास शिकवण्यासाठी म्हणून तयार केली. १९८३ मध्ये बोरलँडनं टर्बो पास्कल काढलं, ५० डॉलरच्या आतल्या किमतीत, आणि ते जगभर पसरलं. ९० च्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासमधून बाहेर पडलेल्या कित्येक पोरांनी त्यावर हात साफ केला. पतसंस्थेचं खातं, जिनिंगचा हिशोब, शाळेचे पगारपत्रक, असली कामं डॉसवर त्यांनीच बसवली. १९९२ मध्ये टर्बो पास्कलची सातवी आवृत्ती आली आणि कंपनीचं लक्ष तिथून उडालं. विंडोज आलं होतं, १९९५ मध्ये डेल्फी आलं. मशीनं ३२ बिटची झाली, पण डॉसवरचं टर्बो पास्कल १६ बिटवरच राहिलं. हाताशी लाखो ओळींचे प्रोग्राम असलेली माणसं वाऱ्यावर.

त्याच वेळी, १९९३ मध्ये, फ्लोरियान क्लेम्फल नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं ठरवलं की कंपनी करत नाही तर आपण करू. त्यानं ३२ बिटचा पास्कल कंपायलर स्वतः लिहायला घेतला, तोही पास्कलमध्येच. पुढे जगभरचे लोक जोडले गेले. कुणी पगार दिला नाही, कुणी टेंडर काढलं नाही. जुलै २००० मध्ये १.० आवृत्ती आली. सोर्स कोड उघडा, परवाना जीपीएल, कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. शिवाय सोबतच्या लायब्ररीला अशी सूट की त्यावर बनवलेला तुमचा प्रोग्राम तुम्हाला पैसे घेऊन विकायचा असेल तरी विका.

आता खरी गंमत. या लोकांनी जुन्याला लाथ मारली नाही. कंपायलरमध्ये मोड ठेवले. टर्बो पास्कल मोड लावला की तो जुन्या टर्बोसारखा वागतो. डेल्फी मोड लावला की डेल्फीसारखा. जुन्या मॅक पास्कलचा वेगळा मोड, आयएसओ प्रमाणाचा वेगळा. टर्बो मोडमध्ये इंटिजर १६ बिट, कारण जुना प्रोग्राम तेच गृहीत धरून लिहिलेला; डेल्फी मोडमध्ये तोच इंटिजर ३२ बिट. म्हणजे जुनं चालवायचं असेल तर जुन्याच्या नियमानं चालवा, नवं लिहायचं असेल तर नव्याच्या नियमानं लिहा, आणि आपण कोणत्या नियमात आहोत हे पहिल्या ओळीत लिहून ठेवा. आमच्या लॅबमध्ये नेमकं हेच होत नाही. तिथे जुना नियम हाच जगाचा नियम म्हणून शिकवला जातो.

आणि प्लॅटफॉर्म? विंडोज, लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी. इंटेल, एआरएम, पॉवरपीसी, स्पार्क. रास्पबेरी पायसारख्या हातभर नसलेल्या बोर्डापासून जुन्या अमिगापर्यंत. ॲपलनं नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपची मशीनं बाजारात आणली. मे २०२१ मधल्या ३.२.२ आवृत्तीत फ्री पास्कल त्यावर हजर. आणि दुसऱ्या टोकाला, नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत त्यांनी १६ बिट डॉससाठी प्रोग्राम बनवायची सोयही घातली. २०१५ मध्ये! ज्या डॉसला कंपन्यांनी वीस वर्षांपूर्वी माती दिली, त्यासाठी. का? कुणाला तरी गरज होती आणि कुणीतरी ते काम अंगावर घेतलं, एवढंच कारण.

आता कंपनीची गोष्ट ऐका. त्याच बोरलँडनं २००१ मध्ये कायलिक्स नावानं डेल्फी लिनक्सवर आणलं. २००२ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि नंतर ते वाऱ्यावर सोडलं. ज्यांनी त्याच्या भरवशावर काम घेतलं होतं त्यांनी काय करायचं? काही नाही. सोर्स कंपनीचा, निर्णय कंपनीचा. पुढे डेल्फीच एका कंपनीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे गेलं. लिनक्ससाठी डेल्फी परत यायला २०१७ उजाडलं. मधली पंधरा वर्षं फ्री पास्कल लिनक्सवर चालतच होतं.

हे सगळं आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही, राजेहो. आपण हे रुळांवर पाहिलं आहे.

शकुंतला आठवते? मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला. अडीच फुटी नॅरोगेज. आपला कापूस मुंबईच्या बंदराकडे ओढण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली. मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचाच राहिला. गाडी भारतीय रेल्वे चालवणार, कर्मचारी आपले, प्रवासी आपले, मालकी दुसऱ्याची. मग रुळांवर पैसा कोण घालणार? मालक म्हणे तुम्ही वापरता, वापरणारे म्हणत तुमचं आहे. रूळ झिजत गेले, गाडीचा वेग बैलगाडीवर आला आणि एक दिवस ती बंद पडली. आता अचलपूरचे लोक निवेदनं देतात, आंदोलनं करतात.

अकोल्याचं मीटरगेज वेगळं. खंडव्याकडून यायचं आणि पूर्णेकडे जायचं. पूर्णेकडचं ब्रॉडगेज झालं, गाड्या धावू लागल्या. खंडव्याकडची लाइन उखडली, अकोटपर्यंत ब्रॉडगेज आलं, आणि पुढे मेळघाटच्या प्रश्नात काम वर्षानुवर्षं अडून राहिलं. वाघाचा प्रश्न खरा आहे, तो मी इथे काढत नाही. मुद्दा एवढाच, की गेज बदलायचं तर आधी पुढच्या स्टेशनापर्यंतचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर मधल्या गावचा माणूस फलाटावर उभाच राहतो.

कॉम्प्युटरमधली कंपॅटिबिलिटी म्हणजे दुसरं काय? गेजचाच प्रश्न. आणि सोर्स कोडची मालकी म्हणजे रुळांची मालकी.

एक खरं प्रकरण सांगतो. अकोला जिल्ह्यातली एक पतसंस्था, नाव सांगत नाही, माणसं सरळ आहेत. ९० च्या दशकात गावातल्याच एका पोरानं त्यांना टर्बो पास्कलमध्ये ठेवींचा प्रोग्राम करून दिला होता. वीस-बावीस वर्षं चालला. मग जुनं मशीन बसलं. नवीन मशीन आणलं, त्यावर प्रोग्राम उघडायलाच तयार नाही. नवीन सॉफ्टवेअर विकणारा म्हणाला, जुना डेटा निघणार नाही, हातानं पुन्हा भरा. एका जुन्या ठेवीच्या व्याजाचा वाद चालू, ठेवीदार रोज दारात, आणि हिशोब त्या फाइलीत बंद.

वाचले कशामुळे? त्या पोरानं जाताना सोर्सच्या फाइली फ्लॉपीवर देऊन ठेवल्या होत्या, आणि मॅनेजरनं त्या कधीतरी सीडीवर उतरवून कपाटात टाकल्या होत्या. पॉलिटेक्निक झालेल्या एका मुलीनं त्या फ्री पास्कलमध्ये टर्बो मोड लावून कंपाइल करायला घेतल्या. बराचसा भाग जसाच्या तसा पास झाला. पडद्याच्या मेमरीत थेट लिहिणारा भाग आजच्या सिस्टिमवर चालणं शक्यच नव्हतं, तो तिनं नव्यानं लिहिला. प्रिंटरचा भाग काढून टाकला. पण रकमा वाचल्या तर सगळ्या वेड्यावाकड्या. कारण टर्बो पास्कलमधला दशांश आकडा, रिअल, सहा बाइटचा. आज तो आठ बाइटचा. प्रत्येक खात्याची रक्कम दोन-दोन बाइटनी सरकत चाललेली.

आणि इथे माझ्यासारखा माणूस खरोखर चाट पडला. त्या सहा बाइटच्या आकड्याचा आठ बाइटचा आकडा करून देणारं फंक्शन फ्री पास्कलच्या मूळ लायब्ररीतच तयार ठेवलेलं आहे. जगात कुठेतरी कुणीतरी विचार करून ठेवला होता की एक दिवस कुणाच्या तरी जुन्या फाइली उघडायची वेळ येईल. त्याला अकोला कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. तीन आठवडे संध्याकाळी बसून त्या मुलीनं सगळी खाती साध्या सीएसव्ही फाइलीत काढली, छापील खतावणीशी बेरीज जुळवली. ठेवीदाराला व्याज मिळालं.

दुसऱ्या एका संस्थेत माझ्या पाहण्यातलं उलट प्रकरण. तिथे फक्त तयार प्रोग्राम होता, सोर्स बनवणाऱ्याकडे, आणि बनवणारा गाव सोडून गेला. आता एक जुनं मशीन कोपऱ्यात कापडानं झाकून ठेवलं आहे, देव्हाऱ्यातल्या देवासारखं. आठवड्यातून एकदा चालू करतात, उदबत्ती तेवढी लावायची बाकी आहे. ते ज्या दिवशी बसेल त्या दिवशी संस्थेची स्मरणशक्ती गेली.

दोन्हीकडे भाषा तीच, काळ तोच, माणसंही सारखीच. फरक कपाटातल्या एका सीडीचा.

आम्हा पेपरवाल्यांचं दुःख वेगळं नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याला युनिकोड माहीत नाही. त्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर आज फाँटाशिवाय उघडला तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. वऱ्हाडातल्या छोट्या-मोठ्या दैनिकांची, साप्ताहिकांची कितीतरी पानं अशी भेळ होऊन पडली आहेत. कुपोषणाच्या बातम्या, शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या, गावोगावच्या पुराच्या बातम्या. कागद वाळवीनं खाल्ला आणि फाइल गेजनं.

आता आणखी ताजं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला नवीन प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० लागतो. कॉलेजांतली, शाळांतली, कार्यालयांतली धडधाकट मशीनं एका तारखेनं म्हातारी ठरली. आता भंगाराचे लिलाव निघतील, नवीन खरेदीची टेंडरं निघतील, आणि कमिशनवाले खूश. त्या मशीनवर लिनक्स चालतं का, हे कोणी तपासलं? केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात. तिथली पोरं काय आकाशातून पडली?

आता विरोधकांचं ऐकू. मला रोज तीन गोष्टी ऐकवतात.

पहिली: "पास्कल मेली भाऊ. आता पायथनचा जमाना." मान्य, पायथन शिकवा. मी कुठं म्हणतो की अभ्यासक्रमात पास्कल आणा? सी++ शिकवायचं तर जीसीसी आहे, तेही फुकट, उघडं आणि प्रमाणाला धरून चालणारं. मी फ्री पास्कलचं नाव घेतो ते नमुना म्हणून. ज्या भाषेला लोक मेली म्हणतात तिच्यातल्या जुन्या कामाला इतकं जपता येतं, तर जिवंत भाषा शिकवताना आपण पोरांना मेलेल्या कंपायलरला काऊन बांधतो?

दुसरी: "फुकटच्या मालाची जबाबदारी कोण घेणार?" प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर खरं देतो. उघडं सॉफ्टवेअर म्हणजे कल्पवृक्ष नाही. फ्री पास्कलची ३.२.२ मे २०२१ मध्ये आली, आणि पुढची स्थिर आवृत्ती कित्येक वर्षं लांबली. माणसं कमी, काम फार. लिनक्सच्या जगातही जुनं सुटतं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि जुन्या ३२ बिट पीसीसाठी त्यांनी नेहमीचा इन्स्टॉलर देणं बंद केलं. जुन्याला जपण्याची किंमतही असते: टर्बोच्या काळातली स्ट्रिंग २५५ बाइटची, आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हांत मराठी वाक्य संपवा! त्यासाठी नवा स्ट्रिंग प्रकार वापरावा लागतो, जुना कोड तपासावा लागतो. हे सगळं खरं. पण मुख्य फरक बघा. कंपनीनं दार लावलं की बाहेर उभ्या माणसाच्या हातात किल्ली नसते. उघड्या सॉफ्टवेअरमध्ये दार लागलं तरी किल्ली तुमच्याकडे असते. उघडायला कष्ट पडतील, माणूस शोधावा लागेल, पण परवानगी मागावी लागत नाही. जबाबदारी म्हणाल तर बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीनं टर्बोची कोणती जबाबदारी घेतली आहे आज? टर्बो पास्कलचा प्रसिद्ध रनटाइम एरर २०० आठवा. मशीनं २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेली आणि सीआरटी युनिट वापरणारे प्रोग्राम सुरू होताक्षणीच पडायला लागले. पॅच लिहिले ते जगभरच्या वापरणाऱ्यांनीच.

जाता-जाता एक प्रश्न: कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी++ ३.० ची जी प्रत पेनड्राइव्हवरून फिरते, ती कुठल्या परवान्यावर आहे? बिल आहे का? विचारून बघा. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तिसरी: "परीक्षा टर्बोवर होते, म्हणून आम्ही टर्बो शिकवतो. परीक्षा टर्बोवर का? तर सगळे टर्बो शिकवतात." यावर काय बोलावं बाप्पा! कुत्रं शेपटीमागे फिरतं तेव्हा निदान त्याला व्यायाम तरी होतो.

इच्छा असली तर आपल्याकडे काय होतं हे साऱ्या जगानं पाहिलं आहे. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचं डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नाव गेलं. साडेचार दिवसांत पंच्याहत्तर किलोमीटर! आणि एका लॅबमध्ये एक फुकटचा कंपायलर बदलायला आम्हाला पंचवीस वर्षं पुरत नाहीत. तिथे डांबर नाही, ठेका नाही, फीत कापणं नाही. म्हणूनच होत नसेल का?

म्हणून मागण्या, आणि त्या मोघम ठेवत नाही.

एक. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली पाच जिल्ह्यांची कॉलेजं आहेत. विद्यापीठानं एक ओळीचं पत्रक काढावं: प्रमाण भाषेत लिहिलेला आणि कुठल्याही प्रमाण कंपायलरवर चालणारा प्रोग्राम प्रॅक्टिकलला बरोबर धरावा, टर्बोवर चालत नाही म्हणून मार्क कापू नयेत. याला एक रुपया लागत नाही.

दोन. पतसंस्था, बाजार समिती, नगर परिषद, जिल्हा परिषद यांनी सॉफ्टवेअर बनवून घेताना करारातच लिहून घ्यावं की सोर्स कोडची प्रत संस्थेला मिळेल आणि सगळा डेटा साध्या, उघड्या स्वरूपात कधीही बाहेर काढता येईल. ज्याला हे मान्य नाही त्याला ऑर्डर नाही. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज आणि बँकांच्या याद्या जुळत नव्हत्या तेव्हा शेतकऱ्यानं किती हेलपाटे मारले, ते विसरलात काय? डेटा जुळला नाही की दंड कॉम्प्युटरला होत नाही, सातबारा घेऊन रांगेत उभ्या माणसाला होतो.

तीन. मशीन भंगारात काढण्याआधी त्यावर लिनक्स टाकून पाहिलं का, याची नोंद फाइलीत असावी. नोंद नसेल तर लिलाव नाही.

चार. जुनी डिजिटल कागदपत्रं वर्षातून एकदा उघडून बघावीत. धान्याच्या कोठीला आपण पावसाळ्याआधी हात घालतो, तसाच.

पाच, आणि ही आपल्या पोरांना. फुकट घेता तर थोडं परतही द्या. फ्री पास्कल आणि त्याच्यावर उभा असलेला लाझारस, दोन्हीला मराठीत धड मार्गदर्शन लिहिणारे हात हवेत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून बाजारातून दहा हजाराला विकत आणलेलं लायब्ररी मॅनेजमेंट जमा करण्यापेक्षा एखादा बग शोधून कळवा. ते काम तुमच्या नावानं राहील आणि मुलाखतीत दाखवता येईल.

पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी, रिकामटेकड्या वाचकांनीही एक काम करावं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. आपल्या जवळच्या अनुदानित कॉलेजला आणि नगर परिषदेला दहा रुपयांच्या अर्जावर चार प्रश्न टाका. लॅबमध्ये कोणता कंपायलर, कोणत्या परवान्यावर? गेल्या पाच वर्षांत किती मशीनं भंगारात काढली आणि का? तुमच्या मुख्य सॉफ्टवेअरचा सोर्स कोणाकडे आहे? दहा वर्षांपूर्वीची नोंद आज उघडून दाखवता का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं की मला पाठवा. मी छापतो.

शकुंतलेच्या वेळी आपण गाडी बंद पडेपर्यंत मालक कोण हे विचारलं नाही. या वेळी गाडीत आपली पोरं बसली आहेत. तिकीट काढतानाच विचारा, रूळ कोणाचे?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर भांडा. आणि "टर्बोवर शिकूनच आम्ही मोठे झालो" असं लिहिणाऱ्या साहेबांना आधीच सांगतो: आम्ही कंदिलाखाली शिकलो, म्हणून पोराच्या खोलीतला बल्ब काढत नाही.